मुलं कुठे अडली ते विचारा

मा. कुलगुरू, मुंबई विद्यापीठ, मुंबई यांस,



वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला जे गणित आणि संख्याशास्त्र शिकवलं जातं, त्याबद्दल हे पत्र आहे. ते शिकणारी मुलं गणिताची पदवी घेणार नाहीत. कुणी पतपेढीत लागेल, कुणी लेखापालाच्या हाताखाली, कुणी घरची आंब्याची बाग आणि तिचे व्यवहार बघेल. बहुतेकांच्या आयुष्यातलं वर्गात बसून शिकलेलं हे शेवटचं गणित. ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, हे ती मुलंच सांगू शकतात. त्यांना आपण विचारतो, पण जे त्यांना ठाऊक आहे ते विचारत नाही. माझी तक्रार आणि विनंती, दोन्ही एवढ्याचसाठी आहेत.

मी पूर्णगडची. रत्नागिरीहून पावसमार्गे खाली आलं की मुचकुंदीच्या मुखावर आमचं गाव आणि टेकडीवर किल्ला, पुलापलीकडे गावखडी. बँकेतली नोकरी पूर्ण करून मी गावी राहायला आले आणि आसपासची कॉलेजात जाणारी मुलं संध्याकाळी वह्या घेऊन माझ्या पडवीत बसू लागली. रत्नागिरीच्या निरनिराळ्या महाविद्यालयांतली ही मुलं आहेत. मी त्यांची परीक्षा घेत नाही, त्यांचे गुण माझ्या हातात नाहीत, त्यामुळे माझ्यापुढे ती मोकळेपणी बोलतात. त्यांचं हे बोलणं आपल्या विद्यापीठाच्या अभ्यास मंडळांनी ऐकायला हवं, असं मला फार वाटतं.

सत्र संपत आलं की त्यांच्या मोबाइलवर अभिप्रायाचा अर्ज येतो. शिक्षक तयारी करून येतात का, समजावून सांगण्याची हातोटी कशी आहे, मूल्यमापन न्याय्य असतं का, असे प्रश्न आणि प्रत्येकाखाली निवडायला पर्याय. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात असे २० प्रश्न आणि शेवटी सूचना लिहायला थोडी मोकळी जागा असा नमुना होता, आणि पुष्कळ ठिकाणचे अर्ज त्याच नमुन्यावर बेतलेले दिसतात. त्यातला पहिलाच प्रश्न अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला हा होता. ८५ ते १०० टक्के, ७० ते ८४ टक्के, अशा पायऱ्या उतरत तो ३० टक्क्यांच्या खाली जात असे. शिकवून किती झालं हे त्यातून कळेल. समजलं किती, आणि नाही समजलं तर नेमकं कुठून सुटलं, हे त्या २० प्रश्नांपैकी एकातूनही कळत नाही. शिवाय सगळे प्रश्न एकूण संस्थेबद्दल आणि एकूण शिक्षकांबद्दल. एका विषयाला धरून विचारलेला एकही नाही.

मुलं हा अर्ज एसटीच्या थांब्यावर उभ्या उभ्या भरतात. सगळीकडे ‘उत्तम’ करून टाकतात. नाव गुप्त राहील असं वर लिहिलेलं असतं, पण आत शिरायला स्वतःचा ईमेल द्यावा लागतो, आणि अंतर्गत गुण अजून यायचे असतात. अठरा वर्षांच्या मुलाने याहून धीटपणा का दाखवावा? आणि दाखवला तरी त्याला त्याचा उपयोग काय? सत्र संपलेलं, शिक्षक बदलणार, विषयही सुटणार. त्याने लिहिलेलं वाचून काही बदललं का, हे त्याला पुढे कधीच कळत नाही.

एक गोष्ट आधी मान्य करते. शिक्षकाला मुलांनी दिलेले गुण ही शिकवण्याच्या दर्जाची खात्रीची खूण नाही, आणि प्राध्यापक मंडळी याबद्दल कुरकुरतात तेव्हा त्यांच्या म्हणण्यात तथ्य असतं. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत नव्या विद्यार्थ्यांना तुकड्या त्यांच्या पसंतीने मिळत नाहीत, चिठ्ठी टाकावी तशा मिळतात, आणि परीक्षा सगळ्यांना सारखीच असते. स्कॉट कॅरल आणि जेम्स वेस्ट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती तपासून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कलनाच्या पहिल्या अभ्यासक्रमात कमी अनुभवी शिक्षकांच्या मुलांना गुण जास्त मिळाले आणि त्या शिक्षकांना अभिप्रायही चांगले मिळाले. पुढच्या वर्षांच्या गणितात मात्र चित्र उलटलं. ज्यांनी पाया कसून घेतला होता, त्या जुन्या अनुभवी शिक्षकांची मुलं तिथे सरस ठरली. म्हणजे मुलांनी नावाजलेला शिक्षक तेवढ्यापुरतं सोपं करून देणारा असू शकतो. बॉब उटल आणि डिलन स्मिबर्ट यांनी २०१७ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या १४ हजारांहून अधिक वर्गांचे अभिप्राय पाहिले, तेव्हा गणित-संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना भाषा-साहित्य शिकवणाऱ्यांपेक्षा ठळकपणे कमी गुण मिळालेले दिसले. टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठात तर हा वाद लवादापुढे गेला, आणि बढती किंवा कायम नेमणूक ठरवताना अशा अभिप्रायांवरून शिकवण्याची गुणवत्ता मोजू नये, असा निवाडा २०१८ मध्ये झाला.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्याकडे पहिल्या वर्षाचं गणित अनेकदा तासिका तत्त्वावरचे शिक्षक शिकवतात. पुढच्या जूनमध्ये आपल्याला परत बोलावतील का, याची त्यांना शाश्वती नसते. गणितासारखा मुळातच धास्तीचा विषय, शंभरभर मुलांचा वर्ग, आणि वर सरासरी गुणांचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर. अशा शिक्षकाने कठीण भाग भराभर उरकून अपेक्षित प्रश्नांची यादी वाटली, तर मी त्याला दोष देणार नाही. त्याला तसं करायला आपणच लावलं आहे.

तेव्हा शिक्षक चांगला की वाईट, हे ठरवणं मुलांवर सोपवू नये. पण मी कुठे अडलो, हे मात्र त्या मुलाखेरीज दुसरं कुणीही सांगू शकत नाही. ती माहिती फक्त त्याच्याकडे आहे. ती पहिल्या सत्राच्या मध्यावर मिळाली तर सोन्याच्या मोलाची, आणि वर्ष संपल्यावर मिळाली तर निव्वळ रद्दी.

ही मुलं काय सांगतात ते आता लिहिते.

वर्गात दोन वर्ग बसतात. अकरावी-बारावी वाणिज्यला गणित सक्तीचं नाही. आमच्याकडची पुष्कळ मुलं दहावीचा निकाल हातात पडताच गणिताला रामराम ठोकतात आणि त्याऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेतात. पहिल्या वर्षाला आल्यावर गणित परत पुढ्यात येतं. शेजारच्या बाकावर बारावीपर्यंत गणित केलेला मुलगा असतो. त्याला विकलन म्हणजे उजळणी. गणित सोडून आलेल्या मुलीला ‘फलन’ हा शब्दच नवा. एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा एफ कंसात एक्स म्हणजे एफ गुणिले एक्स, असं धरून पानंच्या पानं सोडवत होती. तिचं चुकत काय होतं, ते तिला कळत नव्हतं आणि शंभर मुलांत शिक्षकांच्या ध्यानात येणं शक्य नव्हतं. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलांना मध्यक, बहुलक, संभाव्यता या गोष्टी येत असतात. कॉलेजात त्याच गोष्टी इंग्रजी नावांनी समोर आल्या की आपल्याला यातलं काहीच येत नाही, अशी त्यांची समजूत होते. आणि तास पुढे निघून जातो.

त्या मुलीला फलन कसं कळलं, ते सांगते. आमच्याकडे होडीवरच्या माणसांना भरतीचा एक हिशेब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. तिचे वडील खलाशी, तिला हे लहानपणापासून येत होतं. मी तिला म्हटलं, तिथी आत घाल, वेळ बाहेर येते; हेच फलन, आणि पाऊण हा त्याचा चढ. त्या संध्याकाळी तिने आलेखही काढला आणि विकलन म्हणजे त्या त्या जागचा चढ काढणं हेही तिला पुढे सहज समजलं. पहिल्या वर्षाची पुस्तकं लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण घालावं असा माझा आग्रह नाही; कल्याणच्या मुलाला त्याचा काय उपयोग? पण फलनापाशी किती मुलं थबकतात, हे त्यांना माहीत असायला हवं. आणि ते माहीत होण्याची सोय आज कुठेच नाही.

दुसरी गोष्ट क्रमाची. श्रेयांक पद्धतीत या विषयाची सुरुवात शेअर आणि म्युच्युअल फंडांनी होत आली आणि व्याज व वार्षिकी दुसऱ्या सत्रात. शेअरना माझा विरोध नाही. दहावीच्या पुस्तकातही २०१८ पासून अर्थनियोजन या प्रकरणात वस्तू व सेवा कर आणि शेअर आहेत, आणि ते चांगलंच झालं. पण आमच्या मुलांच्या घरात पैसा येतो-जातो तो कर्जाच्या हप्त्यांतून आणि बचत गटातून. मी आयुष्यभर बँकेत कर्जखाती पाहिली, म्हणून हा भाग मला सगळ्यात जिव्हाळ्याचा. एक लाखाचं कर्ज, १२ टक्के, एक वर्ष. व्याज सरसकट मूळ रकमेवर लावलं तर वर्षाचे १२,००० रुपये आणि महिन्याचा हप्ता ९,३३३. तेच १२ टक्के दरमहा घटत्या शिलकीवर लावले तर हप्ता ८,८८५ आणि एकूण व्याज ६,६१९. दर कागदावर एकच दिसतो. पहिल्या पद्धतीचा दर घटत्या शिलकीच्या भाषेत मांडला तर तो साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. हे उदाहरण सोडवल्यावर पडवीतली मुलं घरून बापाचे कर्जाचे कागद घेऊन आली. वार्षिकीचं सूत्र त्यांना पाठ करावं लागलं नाही.

हे प्रकरण दुसऱ्या सत्रात येतं, आणि दुसऱ्या सत्राचा उत्तरार्ध म्हणजे आमच्याकडे आंबा. मार्च लागला की पावस-पूर्णगडच्या पट्ट्यात घरातली सगळी माणसं बागेत असतात. काढणी, निवड, पेट्या भरणं, रात्रीची गाडी. मुलगा तासाला गैरहजर असतो तो उनाडक्या करायला नव्हे. त्याच्या गैरहजेरीचा महिना आणि त्याच्या आयुष्याला सर्वांत लागू पडणारं प्रकरण यांची गाठ दर वर्षी चुकते. दोन प्रकरणांची अदलाबदल केली तर किती मुलांचं भलं होईल! पण ही अडचण कळणार कशी? अर्जात ‘तुम्ही वर्गाला कोणत्या महिन्यात येऊ शकत नाही आणि का’ हा प्रश्न नाही.

आंब्याचं निघालं आहे तर आणखी एक. पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या की दलालाकडून पट्टी येते. कुठल्या मालाला काय भाव मिळाला, त्यातून दलाली, हमाली, गाडीभाडं वजा जाऊन हातात काय आलं, हे त्या कागदावर असतं. समजा १० पेट्या ५,००० ने गेल्या आणि ९० पेट्या दीड हजाराने. दोन भावांची सरासरी काढली तर ३,२५० येते, आणि घरातलं कुणीतरी त्या आकड्यावर पुढच्या वर्षाचा खर्च ठरवतं. पेट्यांची संख्या धरून काढलं तर सरासरी १,८५० येते. भारित सरासरी मुलांना परीक्षेपुरती आलेली होती. ती घरच्या पट्टीला लागू होते हे एकाच्याही मनात आलं नव्हतं. होडीच्या उत्पन्नाचे वाटेही तसेच. डिझेल, बर्फ वजा करून मालकाचा, जाळ्यांचा, तांडेलाचा, खलाशांचा वाटा काढणं हे गुणोत्तर-प्रमाणच, आणि ही मुलं ते तोंडी करतात. गणित येत नाही असं स्वतःबद्दल म्हणणाऱ्या मुलाला हे येत असतं.

या जिल्ह्याला गणिताचा अभिमान कमी नाही. रँग्लर परांजपे इथल्याच दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिल्या स्थानी आले, ही गोष्ट आमच्या पिढीने शाळेत ऐकली आणि छाती फुगवली. पण अशा शिखरांच्या गोष्टी सांगता सांगता गणित म्हणजे विरळ्या माणसांचं काम, अशी समजूत आपण खाली रुजवली. बाकीच्यांसाठी उपाय काय, तर उंबरठा खाली आणायचा. २०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० गुण मिळाले तरी अकरावीला जाऊ द्यावं आणि गुणपत्रिकेवर तसा शेरा द्यावा, असं सुचवलं गेलं. त्यामागचा कळवळा मी समजू शकते. मात्र मुलाला शेरा मिळतो आणि तो कुठे अडला, हा प्रश्न तसाच राहतो.

आता हे पत्र याच वेळी का, ते सांगते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्य शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवीची जी रचना ठरवली, तिच्यात मुख्य विषयाच्या शाखेबाहेरचा खुला ऐच्छिक विषय प्रत्येकाला घ्यावा लागतो. संलग्न महाविद्यालयांत ती २०२४-२५ पासून आली. म्हणजे इतिहासाची मुलगी गणिताचा एखादा विषय घेईल. गणिताबाहेरच्यांसाठी गणित, हे आजवर मुख्यतः वाणिज्यपुरतं होतं. आता असे छोटे अभ्यासक्रम ढिगाने तयार होत आहेत. ते मुख्य विषयाच्या अभ्यासक्रमाची कापून लहान केलेली आवृत्ती होऊ नयेत. अमेरिकेत डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी, लॉरी स्नेल आणि जेराल्ड थॉम्पसन यांनी १९५७ मध्ये सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्या मुलांना डोळ्यांपुढे ठेवून एक पाठ्यपुस्तक रचलं. कलनाची नेहमीची वाट त्यांनी सोडली आणि तर्क, मोजणी, संभाव्यता, आव्यूह (मॅट्रिक्स), रेषीय नियोजन असे विषय निवडले. या मुलांना काय लागेल, हा प्रश्न त्यांनी कोऱ्या कागदापासून विचारला. आपल्याकडे तो विचारण्याची वेळ आत्ता आहे, आणि त्याचं अर्धं उत्तर मुलांकडे आहे.

माझ्या मागण्यांना फारसा खर्च लागत नाही. सत्राच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात एका तासाची शेवटची पाच मिनिटं राखून ठेवावीत. कोरा कागदाचा तुकडा, नाव नाही, हजेरी क्रमांक नाही, मोबाइल नाही. मराठीत, हिंदीत, जसं येईल तसं लिहावं. दोनच प्रश्न पुरेत: आतापर्यंतच्या शिकवण्यात तुझं बोट कुठे सुटलं, आणि दहावीनंतर तू गणित केलं आहेस का. शिक्षकाने त्या चिठ्ठ्या घरी नेऊन वाचाव्यात आणि पुढचा तास त्यांतल्या सगळ्यात जास्त वेळा आलेल्या जागेपासून सुरू करावा. मुलांना आपलं वाचलं गेलं हे पाचव्या आठवड्यातच दिसलं, तर नवव्या आठवड्यात पुन्हा विचारल्यावर ती अधिक खरं लिहितील. या चिठ्ठ्यांचा शिक्षकाच्या नेमणुकीशी, वेतनाशी, फेरनियुक्तीशी काही संबंध असणार नाही, असं विद्यापीठाने परिपत्रक काढून स्पष्ट सांगावं. त्याशिवाय शिक्षक त्या मागणारही नाहीत.

मग प्रत्येक महाविद्यालयाने वर्षाअखेर सरासरी गुणांऐवजी अडलेल्या जागांची एक पानी नोंद अभ्यास मंडळाला पाठवावी: फलनापाशी इतकी मुलं, वार्षिकीच्या सूत्रापाशी इतकी, सहसंबंधापाशी इतकी. मुंबई, ठाणे, रायगड, पालघर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा एवढ्या पसरलेल्या विद्यापीठाकडे अशी नोंद जमली, तर देशात कुठल्याही विद्यापीठाकडे नसेल अशी माहिती तुमच्या हाती येईल. मंडळाने त्यावर काय केलं आणि काय केलं नाही, तेही कारणासह छापावं. नकार चालेल. मौन नको.

आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पुन्हा एकदा विचारावं, की पहिल्या वर्षाच्या गणितातलं आज काय उपयोगी पडतंय. त्या विषयाचे त्यांचे गुण कुणाच्या हातात अडकलेले नसतात, रागलोभ निवलेला असतो. पहिल्या वर्षी ज्या शिक्षकाला ती कडक म्हणत होती, त्याच्याबद्दल माझ्याकडची मुलं दोन वर्षांनी वेगळं बोलतात. ते त्या शिक्षकाच्याही कानावर जायला हवं.

शेवटची विनंती अभ्यास मंडळाच्या सदस्यांसाठी. नवा खुला ऐच्छिक गणित विषय ठरवण्याआधी एक दिवस विद्यापीठाच्या रत्नागिरी उपकेंद्रात येऊन बसा. प्राचार्यांची सभा नको. पहिल्या-दुसऱ्या वर्षाची साधी मुलं बोलवा, काठावर पास झालेली, नापास झालेलीही. मी पूर्णगडहून माझ्याकडच्या मुलांना घेऊन येईन. तारीख डिसेंबर किंवा जानेवारीतली ठेवा आणि वेळ सकाळी अकरा ते दुपारी तीनमधली, म्हणजे राजापूर-लांज्याकडच्या मुलांनाही एसटीने येऊन उजेडात परतता येईल. मार्चनंतर ठेवलीत तर ज्यांचं ऐकायचं, ती मुलं बागेत असतील.

आपली,
पूर्णगडची एक निवृत्त बँक कर्मचारी